नर ठेवायचा की नाही? आधी माद्यांची मान बघा

अंगणातली पाखरं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पाषाणला राहतो. साठीला दोन वर्षं कमी आहेत. घर जुनं, बैठं. मागे परसात एक आंबा, एक शेवगा आणि धुणं वाळत घालायची दोरी. गेल्या सप्टेंबरात नातीच्या हट्टापायी रस्त्याकडेला डालग्यात विकायला ठेवलेली बदकाची पाच पिल्लं आणली. एक मुंगसानं नेलं, चार मोठी झाली. तीन माद्या आणि एक नर. विकणाऱ्यानं ‘खाकी कॅम्पबेल’ म्हणून सांगितली होती, रंगावरून तीच असावीत. त्यांच्यासोबत आधीच्या दोन गावठी कोंबड्या आहेत. कोंबडा नाही.

पंधरा दिवस झाले, नर कुणाला सुखानं उभं राहू देत नाही. माद्यांच्या मागे लागतो, कोंबड्यांच्याही मागे लागतो. शेजारी म्हणतात, सकाळचा आवाज सहन होत नाही, तो नर काढा. माझी आई पंच्याऐंशीची. आयुष्यभर तिनं अंडं खाल्लं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी प्रोटीनसाठी सांगितलं, तेव्हा ‘नर नसेल तर त्या अंड्यात जीव नसतो, ते चालेल’ असा तोडगा तिनं स्वतःच काढला आणि आता रोज एक खाते. ती विचारते, परसात नर आला, आता मी काय करू? बायकोचं म्हणणं, नर असला की मांजर-मुंगूस फिरकत नाही. आणि नात म्हणते, ढब्बूला काढलंत तर आजोबांशी बोलणार नाही. ठेवू की काढू?

(नाव छापू नये. शेजारी हेच मासिक घेतात.)

उत्तर : तुमचं पत्र तीनदा वाचलं. ढब्बूबद्दल नातीचं मत कळलं, आईंचं कळलं, बायकोचं, शेजाऱ्यांचं, सगळ्यांचं कळलं. ज्या तिघींना दिवसभर त्याच्याबरोबर राहावं लागतं, त्यांचं मत मात्र पत्रात कुठे नाही. ते आधी विचारून या.

विचारायचं असं. उद्या सकाळी खुराडं उघडायच्या आधी एकेक मादी उचला. पंख अंगाशी धरून काखेत घ्या, पाय खाली मोकळे राहू द्या. बदकाला पायाला धरून उचलायचं नाही, त्यांचे पाय कोंबडीइतके दणकट नसतात. मग डोक्याच्या मागे, मान सुरू होते तिथे, पिसांवर उलटी फुंकर मारा. नर वर चढतो तेव्हा चोचीनं नेमकं तिथेच धरतो. जिचं बरं चाललंय तिची पिसं फुंकर थांबली की पुन्हा चप्प बसतात, खाली कातडी दिसत नाही. जिला त्रास सुरू झालाय तिथे पिसांची टोकं मोडलेली असतात, जुन्या टूथब्रशसारखी, आणि अंगठा फिरवला की बोटाला खुंट लागतात. त्याच्यापुढची पायरी म्हणजे रुपयाएवढं टक्कल. त्याच्याही पुढे खपली. मग दोन्ही पंखांच्या मधली पाठ बघा, खाली सोडल्यावर लंगडते का बघा, आणि खाण्याचं भांडं ठेवल्यावर ती आधी खाण्याकडे जाते की आधी मान वळवून तो कुठे आहे ते बघते, हेही बघा. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

मी हे कुठल्या पुस्तकातून सांगत नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, आणि धायरीला घरामागे 2009 पासून बदकं आहेत. तरी पहिली दोन वर्षं मी माद्यांची मान कधी बघितली नव्हती. तेव्हा माझ्याकडे चार माद्या आणि दोन नर होते. घर बांधताना पाणी मारायला केलेला सिमेंटचा हौद तसाच होता, अडीच फूट खोल, चारी बाजू सरळ. बदकं त्यात मजेत पोहायची आणि मी कौतुकानं बघायचे. 2011 च्या फेब्रुवारीत एका सकाळी कणीक मळत होते. मागे पाण्याचा धबाधबा आवाज येत होता, मला वाटलं अंघोळी चालल्यात. बाहेर आले तेव्हा तांबडी मादी पाण्यावर आडवी तरंगत होती. दोन्ही नरांनी आळीपाळीनं तिला खाली दाबलं होतं, आणि हौदाला चढून यायला एक पायरीसुद्धा नव्हती. नंतर तिला हातात घेतलं तेव्हा मानेवर पिसंच नव्हती. एका दिवसात जात नाहीत ती. महिनाभर ती ते घेऊन माझ्यासमोर फिरत होती. चूक त्या नरांची नव्हती, माझी होती. त्याच आठवड्यात हौदात विटा रचून उतार केला आणि पाणी वीतभरच ठेवायला लागले.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. हलक्या जातीच्या बदकांत, म्हणजे खाकी कॅम्पबेल किंवा इंडियन रनर, एका नरामागे निदान पाच-सहा माद्या असाव्यात. तुमच्याकडे तीन आहेत. पाच-सहा जणींत वाटला जाणारा जाच तिघींच्या वाट्याला येतो. त्यातही नराची एक लाडकी ठरते आणि सगळ्यांत आधी तीच सोलून निघते. तुमच्या तिघींत ती कोण, हे फुंकर मारल्यावर लगेच कळेल.

हा काळही वाईट आहे. दिवस मोठा व्हायला लागला की नराच्या अंगात येतं. माझ्याकडे फाल्गुन ते ज्येष्ठ धुमाकूळ असतो. पावसात पिसं गळायला लागली की स्वारी थंडावते. तुमचा ढब्बू सहा महिन्यांचा म्हणजे ऐन भरात आहे. पुढच्या वर्षी तो थोडा शहाणा होईलही, पण तोवर या तिघींनी काय करायचं?

कोंबड्यांचं मात्र उद्यावर टाकू नका. हे वाचून झालं की मासिक खाली ठेवा आणि त्यांना वेगळ्या करा. तीस वर्षं नववीच्या वर्गाला प्रजनन शिकवलंय, त्यामुळे स्पष्ट सांगते. कोंबड्याला आत घालण्याजोगा अवयव नसतो. दोघांची गुदद्वारं एकमेकांना टेकतात आणि काम होतं. कोंबडीचं शरीर तेवढ्यासाठीच बनलंय. बदकाच्या नराला मात्र चांगला लांब, मळसूत्रासारखा पिळाचा अवयव असतो आणि तो पापणी लवायच्या आत बाहेर येतो. बदकाच्या मादीची आतली वाट त्याला साजेशी आहे, कोंबडीची नाही. आतून इजा होते, जंतू शिरतात, कधी आतडं बाहेर येतं. वर तो कोंबडीची मान दाबून धरतो ते वेगळंच. कोंबड्या आणि बदकं एका परसात नांदतात, माझ्याकडेही नांदली. पण नर बदक आणि कोंबड्या मोकळ्या सोडायच्या असतील, तर त्याच्यापुढे भरपूर माद्या हव्यात आणि तुमचं लक्ष हवं. तुमच्याकडे पहिली गोष्ट नाही.

आता शेजारी. त्यांना सांगा, हा कोंबडा नव्हे. बदकांत गळा काढते ती मादी. नराचा आवाज घसा बसलेल्या माणसासारखा असतो, घोगरा, दहा पावलांवर ऐकू येत नाही. ढब्बूला काढलंत तरी सकाळचं ओरडणं तसंच राहील. फार तर पाठलाग थांबल्यामुळे थोडं कमी होईल. खुराड्यात उजेड शिरला की त्या ओरडायला लागतात, म्हणून पूर्वेच्या बाजूला गोणपाट लावा. आणि आठवड्याला सहा अंडी पलीकडे पाठवत जा. ती मंडळी अंडी खात नसतील तर शेवग्याच्या शेंगा.

या आवाजावरूनच नर-मादीचीही एकदा खात्री करून घ्या. लोक शेपटी बघतात. नराच्या शेपटीवर दोन-तीन पिसं वरच्या बाजूला कुरळी वळलेली असतात, हे खरं. पण पिसं गळायच्या दिवसांत तीही गळून जातात आणि लोक म्हणतात, नराची मादी झाली! आवाज बदलत नाही. उचलल्यावर कान फुटेल असं ओरडली तर मादी, नुसतं खरखरलं तर नर.

तुमच्या सौभाग्यवतींचा मुद्दा मी पुष्कळ घरांत ऐकलाय. कोंबडा प्रसंगी अंगावर धावून जातो, त्याच्या पायाला आर असते, हे बघून लोक तोच मान बदकाच्या नराला देतात. त्याला ना आर, ना धारदार चोच. मुंगूस आलं तर पहिला पळणारा तोच. तुमचं पाचवं पिल्लू गेलं ते जाळी नव्हती म्हणून. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा, ती फूटभर जमिनीत पुरा, कारण मुंगूस उकरतं, आणि दाराला नुसती कडी न लावता खिट्टीही घाला.

आईंच्या प्रश्नाला मात्र सावकाश उत्तर देते. बाकीच्या प्रश्नांत सोयीची बाब आहे, हा त्यांच्या व्रताचा आहे.

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. मादी नराशिवाय अंडी घालते, एकही अंडं कमी घालत नाही, आणि त्या अंड्यातून काही केल्या पिल्लू होत नाही. नर असला की अंडी फळतात. फळलेलं अंडंही तसंच ठेवलं तर पिल्लू बनायला लागत नाही. त्याला सतत सुमारे साडेसदतीस अंश ऊब लागते आणि तीही अठ्ठावीस दिवस. सकाळी उचलून फ्रिजमध्ये ठेवलेल्या अंड्यात काही वाढत नाही, चवीतही फरक नसतो. मी हे आईंना समजावून सांगायला सांगत नाहीये. फळलेलं अंडं चालतं की नाही हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही फक्त खोटं बोलू नका. ‘नर नुसता हिंडतो, काही करत नाही’ असं सांगून पंच्याऐंशीच्या बाईला अंडं भरवणं मला पटणार नाही.

त्यांच्यासाठी एक सोपी वाट मात्र आजच आहे. कोंबड्यांची अंडी. बदक आणि कोंबडी यांचं पिल्लू होत नाही, त्यामुळे ढब्बूनं कोंबड्यांना कितीही छळलं तरी त्यांचं अंडं आईंच्या अर्थानं निर्जीवच. भिंतीवरून कुणाचा कोंबडा येत नाही ना, एवढं बघा. बदकाचं अंडं त्यांना हवं असेल, तर नर वेगळा केल्यापासून तीन आठवडे थांबा. नराचं बीज मादीच्या पोटात काही दिवस साठून राहतं. आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही अंडी फळत राहतात. तिसरा आठवडा मनाच्या शांतीसाठी. कॅलेंडरवर खूण करा, आईंच्या हातानंच करा.

बघायचंच असेल तर अंडं बशीत फोडून बलकावरचा पांढरा ठिपका बघा. फळलेल्या अंड्यात तो गोल कड्यासारखा दिसतो, मध्ये फिकट आणि भोवती रेघ; न फळलेल्यात लहानसा, घट्ट, वेडावाकडा. सवय व्हायला दहा-बारा अंडी जातात. आणि कोणतंही असो, त्यांच्या वयाला बदकाचं अंडं अर्धकच्चं देऊ नका. बदकं चिखलात, घाणीत अंडं टाकतात. बलक पुरता घट्ट होईपर्यंत उकडा.

उन्हाळ्यात आणखी एक. बदकं बहुतेक अंडी पहाटे ते नऊच्या दरम्यान घालतात. म्हणून नऊपर्यंत खुराड्यातच ठेवा, मग सोडा, म्हणजे अंडी आंब्याखाली शोधत बसावं लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात दुपारचा पारा चाळिशीला जातो. नर असलेल्या परसात एखादं अंडं पाल्यात राहिलं तर ऊब त्याला आयतीच मिळते. चार दिवसांनी ते कढईच्या काठावर फोडलं की काय दिसतं ते मी एकदा पाहिलंय, आणि त्या दिवशी आमच्याकडे पिठलं झालं.

म्हणजे नर हवा कशासाठी? फक्त पिल्लांसाठी. तुम्हाला पिल्लं हवीत का, हे पत्रात कुठेच नाही. हवी असतील तर आधी हिशेब मांडा. खाकी कॅम्पबेल अंडी उबवायला सहसा नीट खुडूक बसत नाही. वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देणारी जात म्हणून ती नावाजली, आणि खुडूक बसणारी मादी तेवढे दिवस अंडी देत नाही. म्हणून गावाकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. कोंबडीची सवय एकवीस दिवसांची, इथे अठ्ठावीस. आठवडाभर जादा बसवावी लागते, तेवढ्यात ती उठली की सगळं मुसळ केरात. समजा दहा निघाली. साधारण पाच नर. मग तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल, त्यात एकाऐवजी सहा ढब्बू असतील.

आणि नर कुणालाच नको असतो. मादी मागायला माझ्याकडे दहा जण येतात, नर फुकट देते म्हटलं की फोनवर शांतता पसरते.

माझं मत सांगते. दोनच वाटा आहेत. परस मोठं असेल आणि हौस असेल तर आणखी तीन माद्या आणा. एका बदकाला दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास खाद्य लागतं, नराला तेवढंच, तेव्हा महिन्याचा खर्च आधी बघा. नव्या माद्या तयार होईपर्यंत ढब्बूला जाळीपलीकडे ठेवा, त्यांना दिसेल असा, पण पोहोचणार नाही असा. नाहीतर त्याला दुसरीकडे द्या. एक आंबा, एक शेवगा आणि धुण्याची दोरी एवढ्यात सात बदकं आणि दोन कोंबड्या म्हणजे पावसाळ्यात नुसता चिखल होईल. तुमच्या जागी मी असते तर दिला असता.

ठेवलात तर खाद्याची एक खबरदारी घ्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य नराला कायम देऊ नये. त्यातलं कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडाला जड जातं. सगळ्यांना साधं खाद्य द्या आणि माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. लागेल ती खाते. मका आणि शेंगदाणा पेंड हुंगून घ्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते आणि त्या बुरशीचं विष बदकाला कोंबडीपेक्षा फार लवकर मारतं. कुबट वास आला तर पोतं परत करा, वाळवून वापरू नका.

देताना विचारा, किती माद्या आहेत. दुसरं विचारा, खाणार का. खाणाऱ्यावर माझा राग नाही, मी स्वतः मासे खाते. पण नातीनं ज्याचं नाव ठेवलंय, त्याच्याबद्दल हे विचारायलाच हवं, आणि उत्तर काय मिळालं ते तिला सांगायची तुमची तयारी हवी.

एक मात्र करू नका. पाषाण तलाव तुमच्या घरापासून चालत जाण्याजोगा आहे, म्हणून लिहिते. तिकडे नेऊन सोडायचं नाही. लोकांना वाटतं, बदकच ते, पाण्यात सुखी राहील. पाळलेल्या बदकाला धड उडता येत नाही, पहिल्या रात्री कुत्री त्याला फाडतात. जगलंच तर त्याहून वाईट. आपल्या तलावांवर, तिकडे नदीवर कवडीपाटला, हळदीकुंकू बदकं असतात, चोचीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा आणि बुडाशी कुंकवासारखा लाल ठिपका असलेली. मस्कोवी ही वेगळी जात सोडली तर आपली सगळी पाळीव बदकं ज्या रानबदकापासून आली, ते यांचं जवळचं नातलग. त्यांचा संकर होतो आणि रानातली जात बाटते. रोगाची देवाणघेवाण होते ती वेगळी. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. रानपाखरं आणि पाळलेली पाखरं एका पाण्यात येऊ देऊ नयेत, हे ते बघितलेल्या कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

राहिली नात. तिला समजावू नका. सकाळी मादी तुम्ही काखेत धरा आणि फुंकर तिला मारू द्या. आठवडाभर, रोज, एका वहीत तिघींची नावं लिहून. तिनं तिघींनाही नावं ठेवली असणारच, तुम्ही पत्रात फक्त ढब्बूचं कळवलंत. आठ दिवसांनी काय करायचं ते तिलाच विचारा. मला वाटतं ती तुमच्याशी बोलेल.

प्रश्न : आमच्याकडे मांजरी इथे मळ्यात चार पांढरी पेकिन बदकं आहेत, सगळ्या माद्या. एकानं तोंडावर लाल गाठी असलेला मोठा मस्कोवी नर देऊ केलाय. म्हणतो, पिल्लं वजनदार होतील. घ्यावा का?

उत्तर : वजनदार होतील हे खरं, पण ती खेचरं होतील. मस्कोवी ही वेगळीच जात. मूळची अमेरिकेची, तिची अंडी पस्तीस दिवसांनी फुटतात. तिचा आणि साध्या बदकाचा संकर होतो, पण पुढची पिढी वांझ निघते. मांसासाठी वाढवणार असाल तर चालेल. त्यांच्यापासून पुढे कळप वाढवायचा विचार असेल तर पेकिनचाच नर बघा. मस्कोवी नर अंगानं फार भारी असतो आणि त्याला नख्या असतात. चारही माद्यांच्या पाठी आठवड्यातून एकदा बघा. का ते वर वाचलंच असेल.

प्रश्न : भोरहून लिहिते. अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला. आमच्याकडे नर नाही. शेजारणी म्हणतात, पिल्लू धरलं होतं. मी अंडी विकते, गिऱ्हाईक तुटेल हो.

उत्तर : पिल्लाचा काही संबंध नाही. बलक सुटताना मादीच्या पोटातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, तो ठिपका. नर असो-नसो, तो येतो. सुरीच्या टोकानं काढून टाका आणि शिजवा. विकायची अंडी रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघत जा, मोठा ठिपका असला तर दिसतो. ते घरात ठेवा. एकाच मादीचं वारंवार येत असेल तर तिची अंडी वेगळी काढा. शेजारणींना पुढचं अंडं फुकट द्या.

प्रश्न : हडपसरला गच्चीवर दोन बदकं पाळली. जोडी म्हणून दिली होती, दोन्ही नर निघाले. एक परत करू का? दोघं पुढे भांडतील का?

उत्तर : मादी नसेल तर कशासाठी भांडतील? पहिल्या वसंतात थोडी ढकलाढकली होते, मग नाही. माझ्याकडे असे दोन म्हातारे आहेत, एक नऊ वर्षांचा, एक दहाचा. जाळीपलीकडे त्यांचा वेगळा संसार आहे. धुण्याच्या मशीनचं पाणी जिथे ठिबकतं ती जागा दोघांनी वाटून घेतलीय, एक पितो तेव्हा दुसरा उभा राहतो. यातला एक नेला तर उरलेला दिवसभर कोपऱ्यात बसेल, बदक एकटं राहू शकत नाही. तेव्हा परत करू नका. गच्चीवर सावली करा, आणि डोळे-नाकपुड्या बुडतील एवढ्या खोलीचं घमेलं भरून ठेवा. नाक धुवायला मिळालं नाही तर बदकाचे डोळे चिकटतात.

अंडी हवीच असतील तर माद्या वेगळ्या जागेत ठेवायच्या, यांच्यात मिसळायच्या नाहीत. आणि या वेळी दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखायला सराईत हात लागतो. दोन-अडीच महिन्यांची घ्या. एकेक उचला. ओरडली तर पैसे द्या.